गुन्ह्यानंतर कोणत्या दारी जावे? वाशिम जिल्ह्यातील कुटुंबांसाठी कायदेशीर मदतीचे मार्गदर्शन

गावात धुऱ्यावरून भांडण पेटते. एकाचे डोके फुटते, दुसऱ्याला पोलीस घेऊन जातात. त्या रात्रीपासून दोन घरे एकाच वेळी अडचणीत येतात. एका घरात दवाखान्याची आणि न्यायाची चिंता असते, दुसऱ्यात वकील आणि जामिनाची. दोन्ही घरांत पहिला प्रश्न मात्र तोच असतो: आता पैसा कुठून आणायचा? घरातले सोयाबीन पडत्या भावात विकले जाते, सोने गहाण पडते, नाहीतर सावकाराची पायरी चढावी लागते.

यांतला बराचसा खर्च टाळता येतो. मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या माणसासाठी आणि आरोपी म्हणून कोठडीत बसलेल्या गरीब माणसासाठीही संसदेने कायदे केले आहेत. केंद्र आणि राज्याच्या तिजोरीतून त्यांसाठी पैसाही येतो. मात्र हा पैसा आपोआप घरी पोहोचत नाही. तो टप्प्याटप्प्याने निघतो आणि प्रत्येक टप्पा एका कागदावर अवलंबून असतो: एफआयआर, वैद्यकीय अहवाल, दोषारोपपत्र, निकालपत्र. कोणत्या टप्प्यावर कोणता कागद घेऊन कुठे जायचे, हे ठाऊक असलेल्या कुटुंबाला मदत मिळते. ठाऊक नसलेले कुटुंब तारखांमागे फिरत राहते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील वाचकांसाठी ती माहिती इथे एकत्र दिली आहे.

पैसा कोणाचा, जबाबदारी कोणाची

पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि तुरुंग हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचे विषय आहेत. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर संसदेलाही कायदे करता येतात. म्हणून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता संसदेने केल्या आणि त्या 1 जुलै 2024 पासून देशभर लागू झाल्या. त्यांची अंमलबजावणी मात्र आपल्या ठाण्यात, आपल्या न्यायालयात आणि आपल्या तुरुंगात होते.

केंद्र सरकार या कामात कायद्याबरोबर निधीही देते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील मदतीचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या जलदगती विशेष न्यायालयांच्या योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो, आणि केंद्राचा वाटा 2013 साली सुरू झालेल्या निर्भया निधीतून येतो. ‘सखी वन स्टॉप सेंटर’चा पूर्ण खर्च केंद्राचा आहे. आरोपींना मोफत वकील देणाऱ्या व्यवस्थेसाठी केंद्राने 2023-24 ते 2025-26 या तीन वर्षांकरिता 998.43 कोटी रुपयांची तरतूद केली होती.

हे आकडे सांगण्याचे कारण एवढेच की कार्यालयात गेल्यावर मनात संकोच राहू नये. तुम्ही कोणाची मेहेरबानी मागायला गेलेला नसता. तुमच्यासाठी मंजूर झालेली रक्कम मागायला गेलेला असता. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. सरकारी निधीचा पुढचा हप्ता साधारणपणे आधीच्या खर्चाचा हिशेब गेल्यावर सुटतो. जिल्ह्यातून अर्जच गेले नाहीत, तर कागदोपत्री जिल्ह्याला गरज नाही असे दिसते.

पहिले दार: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

एकच पत्ता लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. वाशिमच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि रोजचे काम न्यायिक अधिकारी असलेले सचिव पाहतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, आणि तो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे.

मोफत वकील कोणाला मिळतो, हे या कायद्याच्या कलम 12 मध्ये लिहिले आहे:

- अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती
- कोणतीही स्त्री आणि कोणतेही बालक
- दिव्यांग व्यक्ती
- कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती
- मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती
- जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीचा फटका बसलेली व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपेक्षा कमी असलेली कोणतीही व्यक्ती

स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याच्या नावावर किती एकर आहे, हा प्रश्न तिला विचारला जाऊ शकत नाही. कोठडीतील माणसालाही उत्पन्नाची अट नाही. केवळ उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करणाऱ्यांनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडावा.

मानोरा, मंगरूळपीर, कारंजा या भागांतील बंजारा बांधवांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो, अनुसूचित जाती किंवा जमातींमध्ये नाही. त्यामुळे अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील मदत आणि कलम 12 मधील जातीचा निकष त्यांना लागू होत नाही. पण उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल, अर्जदार स्त्री किंवा बालक असेल किंवा घरातला माणूस कोठडीत असेल, तर मोफत वकील मिळण्यात कोणतीही अडचण नाही. ‘तुमची जात त्यात बसत नाही’ एवढेच सांगून कोणी परत पाठवत असेल, तर कलम 12 मधील हे इतर निकष दाखवा. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबांना मात्र 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचे संरक्षण मिळते. त्यांनी जातीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले तिथे लिहून घेतले जाते. अर्जाला शुल्क नाही. नेमून दिलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देते. त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा. घरून फोन करायचा असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी 15100 या क्रमांकावर आहे.

ठाण्यात गेल्यावर

पुढची सगळी मदत एफआयआरवर उभी राहते, म्हणून ही पायरी पक्की असावी.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात हे ठरवून दिले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या मुलीवर तिकडे अत्याचार झाला आणि ती गावी परतली, तर तिला तिकडे धाडण्याची गरज नाही. अनसिंग, शिरपूर किंवा धनज ठाण्यातही तिची फिर्याद घ्यावी लागते आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. फिर्याद ऑनलाइनही पाठवता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या काही गुन्ह्यांत पोलिसांना वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते. अशा वेळी चौकशी सुरू झाल्याची तारीख विचारून लिहून ठेवा.

फिर्याद देताना या गोष्टी पाहा:

1. लिहून झालेली फिर्याद वाचून दाखवायला सांगा. तुम्ही सांगितलेले नाव, वेळ, ठिकाण, हत्यार आणि जातीवाचक शब्द त्यात आले आहेत का, ते तपासूनच सही किंवा अंगठा करा.
2. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत द्यावी लागते. ती घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.
3. जखम असेल तर वैद्यकीय तपासणीसाठी पोलिसांचे पत्र मागा. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आणि औषधांची बिले जपून ठेवा.
4. ठाणेदाराने फिर्याद घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. तरीही काही झाले नाही, तर शपथपत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील प्राधिकरण देते.
5. तपास कुठवर आला, हे फिर्यादीला किंवा पीडिताला 90 दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि विचारायला जा.

किरकोळ भांडणात अनेकदा फक्त अदखलपात्र नोंद होते, तिला लोक ‘एनसी’ म्हणतात. एनसीवर मदतीचा कोणताही टप्पा सुरू होत नाही. जखम गंभीर असूनही एनसी झाली असेल, तर डॉक्टरांचा अहवाल घेऊन पोलीस अधीक्षकांकडे किंवा न्यायालयाकडे दाद मागा.

जातीय अत्याचार: रक्कम कोणत्या टप्प्यावर निघते

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा 1989 चा. 2015 च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला आणि 2016 मध्ये त्याच्या नियमांतील मदतीचे दर वाढले. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ही मदत 85 हजार ते सव्वाआठ लाख रुपये आहे. आंध, फासेपारधी यांसारख्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांनाही ती मिळते. तिच्यासाठी आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावे लागत नाही.

खुनाच्या प्रकरणात एकूण सव्वाआठ लाख रुपयांची मदत आहे. त्यातले निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यायचे असतात. याशिवाय वारसांना निवृत्तिवेतनासारख्या अन्य मदतीची तरतूद आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात पाच लाख रुपये ठरले आहेत. त्यांपैकी निम्मे वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, एक चतुर्थांश दोषारोपपत्रानंतर आणि उरलेले एक चतुर्थांश खालच्या न्यायालयातील खटला संपल्यावर मिळतात. जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यात रक्कम एक लाख रुपये असून ती एफआयआर, दोषारोपपत्र आणि दोषसिद्धी अशा टप्प्यांनी मिळते.

ही मदत जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात, समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांमार्फत दिली जाते. नियमाप्रमाणे तातडीची मदत सात दिवसांच्या आत मिळायला हवी. ठाण्यातून कागद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातात, पण ते जाण्याची वाट पाहत बसू नका. एफआयआरची प्रत, जातीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि वैद्यकीय अहवाल जोडून समाज कल्याण कार्यालयात स्वतः अर्ज द्या, आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. दोषारोपपत्र दाखल झाल्याचे कळताच दुसऱ्या टप्प्याच्या रकमेचा अर्ज वेगळा द्या. अनेक कुटुंबे पहिला हप्ता घेतात आणि दुसरा मागायचे विसरतात.

कायद्यातील आणखी काही तरतुदी पीडितांच्या फार कामाच्या आहेत. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारीच करतो आणि तो 60 दिवसांत पूर्ण व्हायला हवा. एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळायला हवी आणि तिथे त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. साक्षीला येण्याजाण्याचा खर्च, निर्वाह भत्ता आणि संरक्षण मागता येते. विशेष सरकारी वकिलाऐवजी नामांकित वकील हवा असेल, तर तशी विनंती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. लोकसेवकाने कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर कलम 4 खाली त्यालाही शिक्षा आहे.

जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तीन महिन्यांनी बसायला हवी. रक्कम अडली असेल तर समितीच्या नावे अर्ज करा आणि तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्याची मागणी करा. या कायद्यासाठी राष्ट्रीय मदतवाहिनी 14566 आहे.

एक सावधगिरी बाळगा. अत्याचार प्रतिबंध कायद्यातील गुन्हे तडजोडीने मिटवता येत नाहीत. ‘एवढे घे आणि फितूर हो’ असा दबाव आला तर कोऱ्या कागदावर सही करू नका. तपास अधिकारी, सरकारी वकील किंवा विशेष न्यायालयाला तो दबाव लेखी कळवा.

स्त्रिया आणि मुले: आधी उपचार, मग कागद

बलात्कार, बालकावरील लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ला झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार केलेच पाहिजेत. ‘आधी एफआयआर आणा’ असे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. रुग्णालयच पोलिसांना कळवते. अशा गुन्ह्यांची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते.

जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असते. तिथे वैद्यकीय मदत, पोलिसांपर्यंत पोहोचण्यासाठी साहाय्य, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा निवारा एकाच जागी मिळतो. महिला मदतवाहिनी 181 आणि बालकांसाठीची 1098 या सेवा चोवीस तास चालतात. तातडीच्या प्रसंगी पोलिसांसाठी 112 लावा.

आर्थिक मदतीसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना 2 ऑक्टोबर 2013 पासून आहे. तिच्या अर्जांवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात निर्णय होतो. रक्कम गुन्ह्याच्या स्वरूपानुसार एक लाख ते दहा लाख रुपयांपर्यंत असते आणि तिचा मोठा भाग पीडितेच्या नावे मुदत ठेवीत राहतो, म्हणजे ती तिच्याच शिक्षणाला व उपजीविकेला उपयोगी पडते. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली पीडित भरपाई योजना आहे. आरोपी सापडलाच नाही, तरीही पीडित किंवा वारस तिच्यासाठी अर्ज करू शकतात आणि प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पोक्सोच्या, प्रकरणात विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेशही देऊ शकते. तशी मागणी आपल्या वकिलाकरवी सुरुवातीलाच करा.

नातेवाईकांनी आणि गावकऱ्यांनी एक पथ्य पाळलेच पाहिजे. पीडितेचे नाव, फोटो किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील व्हॉट्सॲपवर टाकू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या मुलीवर होणारा दुसरा अत्याचारही.

घरातला माणूस अटकेत असेल तर

आरोपी ठरलेल्या माणसालाही हक्क असतात, हे सांगताना काहींना संकोच वाटतो. तो वाटू नये. खटल्याचा निकाल लागेपर्यंत प्रत्येक माणूस निर्दोष समजला जातो, आणि गरीब माणूस केवळ वकील नाही म्हणून तुरुंगात राहिला तर न्याय झाला असे कोणीही म्हणणार नाही. ही लढाई लढण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या होस्कोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सांगितले की कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत आणि मोफत वकील मिळालाच पाहिजे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील महिला कैद्यांची स्थिती न्यायालयापुढे मांडली आणि 1983 मध्ये कोठडीतील स्त्रियांच्या संरक्षणासाठी महत्त्वाचे आदेश मिळवले.

अटक झाल्याबरोबर कारण विचारा. ते सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि नातेवाईकाला कळवणेही. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. तिथेच ‘मला मोफत वकील हवा’ असे आरोपी स्वतः म्हणू शकतो. नातेवाईकांनी त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणात जावे. आरोपींच्या बचावासाठी प्राधिकरणाच्या अखत्यारीत लोक अभिरक्षक कार्यालय असते. तिथले वकील पूर्णवेळ फौजदारी बचावाचेच काम करतात. फिर्यादी पक्षाला हे कार्यालय वकील देत नाही, त्यांना प्राधिकरणाच्या यादीतील दुसरा वकील मिळतो.

जामीन मंजूर होऊनही माणूस सुटत नाही, ही गरिबांची सर्वांत मोठी अडचण आहे. जामीनदार मिळत नाही, सातबारा द्यायला कोणी तयार होत नाही, रोख रक्कम भरता येत नाही. यासाठी चार मार्ग आहेत:

- जामीनपात्र गुन्हा: अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर त्या माणसाला निर्धन मानून स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 478 सांगते.
- अटी शिथिल करणे: सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. महिनाभर जामीनदार दिला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते.
- गरीब कैदी साहाय्य योजना: केंद्राने 2023 मध्ये सुरू केलेल्या या योजनेत न्यायाधीन कैद्याच्या जामिनासाठी 40 हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा भोगून केवळ दंड न भरल्याने अडकलेल्या कैद्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. प्रकरणे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव आणि न्यायाधीश यांच्या समितीपुढे जातात. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक (यूएपीए) कायद्यांखालील आरोपींना ही मदत नाही.
- याच संहितेचे कलम 479: कमाल शिक्षेचा निम्मा काळ न्यायाधीन म्हणून तुरुंगात गेला, तर जामिनाचा हक्क निर्माण होतो. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी ही मुदत एक तृतीयांश आहे. मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असणाऱ्यांना हे लागू नाही. 1 जुलै 2024 पूर्वीच्या प्रकरणांनाही ही तरतूद लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले.

याखेरीज तपास 60 किंवा 90 दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. अटकेची तारीख, पहिल्या हजेरीची तारीख आणि दोषारोपपत्राची तारीख, या तीन तारखा घरात लिहून ठेवा. लोक अभिरक्षकाला भेटताना पहिल्यांदा त्याच सांगा. वरील बहुतेक मार्ग दिवस मोजूनच चालतात.

तडजोड कधी करावी

साधी मारहाण, शिवीगाळ, शेजाऱ्यांतील वाद अशी कायद्याने तडजोडीस पात्र प्रकरणे लोकअदालतीत मिटवता येतात. लोकअदालतीच्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. म्हणून सही करण्याआधी अटी दोनदा वाचा. वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा धुऱ्याचा वाद समोरासमोर बसून मिटवणे अनेकदा दोन्ही कुटुंबांच्या हिताचे असते. पण बलात्कार, पोक्सो आणि जातीय अत्याचाराच्या प्रकरणांत तडजोडीचा प्रश्नच येत नाही. तिथे गावकीने बैठक बसवून ‘मिटवून घ्या’ म्हणणे पीडितेवर अन्याय करणारे आहे.

कागदांची पिशवी

प्रत्येक प्रकरणाची एक स्वतंत्र पिशवी करा आणि तिच्यात पुढील कागद एकत्र ठेवा: एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद व बिले, पंचनाम्याची माहिती, दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली प्रत, पोस्टाच्या पावत्या, दोषारोपपत्राची प्रत, जात व उत्पन्नाचे दाखले, आधार आणि पासबुक. पासबुकातले नाव आणि आधारवरचे नाव तंतोतंत जुळते का, ते आधीच पाहा. एका अक्षराच्या फरकाने रक्कम परत जाते.

खटला न्यायालयात गेला की त्याला 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. ‘ई-कोर्ट्स’ ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश मोबाइलवर दिसतात. तो क्रमांक पिशवीवरच लिहा. तारीख पुढे गेल्याचे आधीच कळले, तर रिसोडहून किंवा कारंज्याहून वाशिमला येण्याची एक मजुरी वाचते.

रक्कम अडली आणि कार्यालयात कोणी उत्तर देत नसेल, तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क भरून इतकेच विचारा: माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आहे, त्यावर कोणता शेरा आहे, आणि या आर्थिक वर्षात या योजनेखाली जिल्ह्याला किती निधी आला व किती वाटला गेला. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. माणूस कोठडीत असेल आणि त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर माहिती 48 तासांत द्यावी लागते.

गावाने काय करावे

वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. रस्ते, शाळा, दवाखाने यांबरोबर न्यायापर्यंतची वाटही विकासाच्या हिशेबात धरली पाहिजे. तिच्यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने पाच क्रमांक भिंतीवर रंगवावेत: पोलिसांसाठी 112, मोफत वकिलासाठी 15100, जातीय अत्याचारासाठी 14566, महिलांसाठी 181 आणि बालकांसाठी 1098. ग्रामसभेत वर्षातून एकदा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला किंवा विधी स्वयंसेवकाला बोलवावे. त्यासाठी ग्रामपंचायतीने प्राधिकरणाला पत्र लिहिले तरी पुरे.

लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येक तरुणाने आपल्या वस्तीतल्या एका कुटुंबासाठी एक अर्ज लिहून द्यावा आणि त्यावर आवक शिक्का मारून आणावा. पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक हे काम सगळ्यांत आधी करू शकतात, कारण घरात काय घडले ते पहिल्यांदा त्यांच्याच कानावर येते. कायदा करून झाला आहे आणि निधी मंजूर आहे. शिक्क्याचा प्रत्येक अर्ज जिल्ह्याची खरी गरज सरकारदप्तरी नोंदवतो, आणि पुढच्या वर्षी वाशिमसाठी अधिक निधी मागायचा असेल तर दाखवायला तीच नोंद हाती असते.